मंदाचं ताट

मंदा गेली तेव्हा माझ्या हातात वडा होता.

विट्याच्या स्टँडवरच्या कँटीनमध्ये मागच्या बाजूला, पाण्याच्या पिंपाजवळ एक टेबल होतं. रस्त्यावरून ते दिसायचं नाही, म्हणून मी तेच धरायचो. सकाळचे साडेसहा झाले होते. पहिला वडा संपलेला, दुसरा नुकताच मोडलेला. तेवढ्यात कासम तांबोळी आत आला. कासम माझा शेजारी, भिंतीला भिंत लागून घर. एवढ्या सकाळी तो स्टँडवर कधी येत नाही.

"आरं सोपाना, तू हितं हायस व्हय?"

मी वडा टेबलाखाली धरला. बावन्न वर्षांचा माणूस मी, एस. टी.चा ड्रायव्हर, पण हात आपोआप खाली गेला.

"मायणी रोडला गाडीवरनं तिसऱ्या दगडापतोर दोन खेपा मारल्या तुला हुडकत," कासम म्हणाला. "अर्धा तास झाला. तू रोज तिकडंच फिराय जातोस न्हवं? वहिनी तसंच सांगत असत्या."

"काय झालं?"

"वहिनी नळावर पडल्या. दवाखान्यात नेलंय. चल."

"पाय घसरला काय? लई शेवाळ झालंय तिथं, मी म्हणतच होतो."

कासमनं टेबलाखाली हात घातला, माझ्या हातातला वडा काढून घेतला आणि बशीत ठेवला. तेव्हा मला कळलं.

दवाखान्यात नाईकवडी मॅडम होत्या. तरुण डॉक्टर, मला चांगल्या ओळखणाऱ्या. मंदा खाटेवर होती, पातळ निम्मं ओलं. घागरीचं पाणी अंगावर सांडलेलं. मॅडमनी तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढून पाहिली, मग नखं पाहिली.

"इथं आणायच्या आधीच गेल्या त्या," त्या म्हणाल्या. "यांचं रक्त कधी तपासलं होतं?"

"तिचं कशाला? तिला काय झालं होतं? पेशंट मी आहे, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलणार होत्या, पण मागं गावातच दिलेली आमची अर्चना रडत आत आली आणि ते राहिलं.

पेशंट मीच होतो. त्याच्या चौदा महिने आधी डेपोतल्या ड्रायव्हर लोकांची दरवर्षीची तपासणी झाली, त्यात माझं वजन एकशेचार किलो भरलं. साखर होती, बी. पी. होतं. सीटवर बसलो की पोट स्टेअरिंगला लागायचं. कंडक्टर लोक म्हणायचे, "लवटे, हॉर्न पोटानंच वाजिवता काय?" मीही हसायचो. पण साहेबांनी सांगितलं, वजन उतरलं नाही तर स्टेअरिंग सोडावं लागेल, वर्कशॉपमध्ये बसा. चोवीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला ते ऐकवत नाही.

मंदानं मला नाईकवडी मॅडमकडे नेलं. मॅडमनी कागदावर सगळं लिहून दिलं. सकाळी वाटीभर मोड आलेली मटकी, बिनसाखरेचा चहा. दुपारी ज्वारीची एक भाकरी, वाटीभर भाजी, पातळ आमटी, काकडी-मुळा, ताक. चार वाजता एखादं फळ. रात्री आठच्या आत पुन्हा एक भाकरी आणि भाजी. तळलेलं बंद, गोड बंद. रोज पाऊण तास चालायचं.

मंदानं खळ शिजवली आणि तो कागद चुलीच्या... म्हणजे आता गॅसच होता, गॅसच्या वरच्या भिंतीला चिकटवला. सातवी शिकलेली बाई, पण कागद एकदा वाचला आणि तिला पाठ झाला.

"एक भाकरी म्हंजे एकच," ती म्हणायची.

"अगं, तुझी भाकरी केवढी! कागदी लिंबाएवढा गोळा घेतीस."

"मॅडमनी माप सांगितलंय. मी काय मनानं करत न्हाई."

"ड्युटीवर चक्कर आली म्हंजे? पन्नास पाशिंजर हायत माझ्या मागं."

"मटकी खाल्लीसा का चावून? चावून खावा, चक्कर येत न्हाई."

पहाटे साडेपाचला आम्ही दोघं निघायचो. पाण्याच्या टाकीपर्यंत ती माझ्याबरोबर यायची. सहाला नळाला पाणी येई, म्हणून ती तिथून मागं फिरायची. मी पुढं मायणी रोडनं मैलाच्या तिसऱ्या दगडापर्यंत जायचं, असं ठरलेलं.

"दगडाला हात लावून या," ती सांगायची. "नुसतं लांबनं बघून येऊ नका."

घरी आलो की दारातच विचारायची, "लावला का हात?"

"लावला."

पहिले दोन महिने खरंच लावला. मग एके दिवशी टाकीपासून मागच्या बोळानं स्टँडकडे वळलो. कँटीनमधला वास तिथपर्यंत यायचा. एक वडा खाल्ला आणि वाटलं, एका वड्यानं काय होतंय. दुसऱ्या दिवशी दोन खाल्ले. वर्षभर मी दगडाला हात लावला नाही, आणि वर्षभर रोज "लावला" म्हणालो.

दर रविवारी ती मला स्टँडवरच्या वजनाच्या मशिनवर उभं करायची. लाल-पिवळे दिवे फिरायचे, रुपया टाकला की पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. एकशेचार. एकशेतीन. पहिल्या दोन महिन्यांत नव्व्याण्णव. मग पुन्हा एकशेएक, एकशेदोन, एकशेएक. ती तिकीट हातात धरून उजेडाकडे न्यायची, आकडा परत वाचायची.

"काटा खराब असेल," ती म्हणायची. "एवढं पाळतोय आपण, उतराय नको?"

"खराबच हाय. शेवटी सरकारी स्टँड."

एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "तू उभी राहा की. काटा खराब हाय का बरा, तुझ्यावर कळंल."

"माझं काय बघायचंय? मी हाय तेवढीच हाय." तिनं तिकीट पदराच्या गाठीत बांधलं. घरी चहापावडरच्या रिकाम्या डब्यात ती सगळी तिकिटं ठेवायची.

शेवटच्या दोन-तीन महिन्यांत टाकीपर्यंत चालताना तिला धाप लागायची. रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर टेकायची ती. मी म्हणायचो, "बघ, एकशेएक किलोचा गडी उभा हाय आणि काडीसारखी बाई बसली. चालायची गरज तुलाच हाय." तीही हसायची. मग पदरानं तोंड पुसून नळाकडे जायची.

एवढं आधीचं.

तिसऱ्या दिवशी आम्ही रक्षा सावडली. मुलगा नव्हता, त्यामुळे सगळं मीच केलं. डोकं भादरलेलं, गळ्यात उपरणं. घरी माझी थोरली बहीण आक्का ठाण मांडून बसली होती. आक्का माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. तिचा शब्द आमच्यात कुणी मोडत नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी उठलो आणि कॅनव्हासचे बूट घातले. मंदानंच घ्यायला लावलेले.

आक्का दारातच झोपली होती. उठून बसली.

"कुठं निघालास?"

"फिरायला."

"आरं, डोकं भादरून दोन दिस न्हाई झालं. सुतक हाय. लोकं काय म्हणतील? बायकू मेली आन् ह्यो हवा खात हिंडतोय."

"म्हणू देत."

"सुतकात दारात बसायचं असतं. भेटाय माणसं येत्यात."

"साडेपाचला कोण येतंय? सातला मी दारात हाय. चालू नको असं कुठं लिहिलंय, दाखव."

"लिहिल्यालं मला कुठलं वाचाय येतंय? त्या भितीवरच्या कागदाचं आईकतोस, थोरल्या बहिनीचं आईकत न्हाईस व्हय?"

"आज न्हाई," मी म्हणालो आणि तिच्या अंथरुणाला वळसा घालून बाहेर पडलो.

टाकीपाशी थांबलो नाही. बोळाकडं बघितलं नाही. तिसऱ्या दगडापर्यंत पोचायला मला जाऊन-येऊन तास लागला. अंगातला सदरा पिळून काढावा असा भिजला. दगडाला हात लावला. दवानं गार होता. परत आलो. दारात आक्का तोंड फिरवून बसलेली. हात लावला का, कुणी विचारलं नाही.

त्यानंतर रोज गेलो. गल्लीतल्या बायका दारातनं बघायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या. मी मुद्दाम रस्त्याच्या मधून चालायचो.

खाण्याचंही तसंच. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही. कुणी पिठलं-भाकरी आणायचं, कुणी भाताचं पातेलं. मी मंदाची वाटी घ्यायचो, वाटीनं भाजी मोजायचो, एक भाकरी घ्यायचो आणि उठायचो. भेटायला येणारा प्रत्येक जण चहा घ्यायला लावायचा. मी बिनसाखरेचा मागायचो. डेपोतला पवार कंडक्टर आला, माझ्या कपाकडं बघून म्हणाला, "लवटे, राग मानू नगा, पण काडीसारखी वहिनी गेली आन् तुमी एकशेएक किलोचं बसलाय माझ्यासमोर. म्हंजे वजनाचा आन् मरणाचा काय संबंध हाय, सांगा. खावा आता पोटभर. आडवायला कोण हाय?"

"म्हणूनच," मी म्हणालो.

"म्हणूनच काय?"

"चहा गार होतोय तुमचा."

मी मनात ठरवलेलं कुणाला सांगितलं नव्हतं. वर्षभर जे खोटं बोललो ते खरं करायचं. एवढंच. त्यापलीकडचं तेव्हा मला काही माहीत नव्हतं.

तेराव्याला गल्लीत मांडव घातला. भावकी, डेपोची माणसं, मंदाच्या माहेरचे, मिळून शंभर-सव्वाशे पान. आक्कानं खपली गव्हाची खीर केली होती. दोन दिवस गहू कांडून, गूळ घालून, वर खोबरं आणि वेलदोडा. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात.

पुरुषांची पहिली पंगत बसली. आमच्याकडं रीत अशी, की दुखवट्याच्या माणसानं आधी गोड घास घ्यायचा. त्यानं घेतल्याशिवाय पानावर कुणी हात टाकत नाही. तो घास घेतला की दुखवटा संपला. मला मधोमध पाटावर बसवलं. आक्का खिरीची वाटी घेऊन समोर आली. तिचे डोळे भरलेले होते.

"घे, सोपान. मंदीला आवडायची म्हणून खीरच केली. तोंड गोड कर."

"आक्का, मला भाकरी दे. आणि भाजी."

"भाकरी? आज? आरं, तेराव्याला भाकरी कोण खातं?"

"मी खातो."

"एक घास," ती हळू आवाजात म्हणाली. "पंगत बसलीया. साठ माणसं हात वर करून बसल्याती. एका घासानं काय होतंय?"

हेच मी कँटीनमध्ये स्वतःला सांगितलं होतं, अगदी ह्याच शब्दांत.

"एका घासानंच होतंय," मी म्हणालो. "न्हाई घेणार."

मांडवात कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, "डोक्यावर परिणाम झालाय." दुसरं म्हणालं, "घास घे की गड्या, वरण निवतंय." आक्कानं वाटी माझ्या तोंडापाशी आणली. मी तिचं मनगट धरलं. सत्तरीला टेकलेली बहीण, आणि मी सगळ्यांसमोर तिचं मनगट धरून बसलो.

तेवढ्यात संपत उठला. संपत मंदाचा धाकटा भाऊ, सूतगिरणीत कामाला. बारा-तेरा दिवस तो माझ्याशी धड बोलला नव्हता. पानावरून उठला तो तडक घरात गेला. आतून भिंत खरवडल्यासारखा आवाज आला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तो कागद होता, मधून फाटलेला, मागं चुन्याचे पापुद्रे चिकटलेले.

"ह्यापायी न्हाई खाईत न्हवं, दाजी?" त्यानं कागदाचे आणखी दोन तुकडे केले आणि माझ्या पानात टाकले. "खावा. ह्येच खावा. ह्या कागदानं माझी भन मारली."

"संपत, खाली बस," आक्का ओरडली.

"न्हाई बसत. दाजी, तुमास्नी ठावं हाय का न्हाई, ती काय खात होती?"

"काय खात होती म्हंजे? आपलं जेवत होती."

"काय जेवत होती? सांगा. भाकरी किती? एक का दोन? भात घेत होती का?"

मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना.

सव्वीस वर्षांचा संसार. ती मला वाढायची, मी जेवायचो, हात धुऊन बाहेर कट्ट्यावर बसायचो. मग ती आत जेवायची. भांड्यांचा आवाज आला की समजायचं, झालं जेवण. मी तिचं ताट कधी बघितलंच नव्हतं.

"राखीला आली हुती माज्याकडं," संपत म्हणाला. "बायकूनं पोळी वाढली तर न्हाई म्हणाली. एक भाकरी, वाटीभर भाजी. मी म्हटलं, तायडे, तुला कशाला? आधीच खंगलीयास. तर म्हणती, त्यांनी उपाशी राहायचं आन् मी आत बसून पोटभर खायाचं, घास उतरत न्हाई मला. त्यांचं वजन ऐंशीला येऊ दे, मग आमी दोघं मिळून तुज्याकडं पोळ्या खाय येतो. चौदा म्हैनं, दाजी. तुमचा कागद ती पाळत हुती. घागरी उचलून, चालून, मिशनीवर शिवणकाम करून. आन् तुमी?"

मागच्या ओळीत कासम बसला होता. त्यानं मान खाली घातली. त्याला माहीत होतं, मी त्या दिवशी कुठं सापडलो ते. त्यानं ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

"मी वडं खात होतो," मी म्हणालो. "स्टँडवर. वर्षभर. ती नळावर पडली तवाबी माझ्या हातात वडा होता. कासमला विचारा."

संपत बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, मी भांडेन.

मी पानातले कागदाचे तुकडे उचलले, झटकले, खिशात घातले. मग उभा राहिलो.

"पंगत उठवा," मी म्हणालो.

"काय?"

"उठा सगळी. पुरुष माणसं उठा. आधी बायका बसतील."

गलका झाला. आमचा एक चुलत भाऊ म्हणाला, "आरं, बसलेल्या पानावरनं उठवतोस? तेराव्याच्या?"

"उठवतो. ज्याला राग येईल त्यानं घरी जेवावं."

"सोपान!" आक्का म्हणाली. "रीत हाय आपली. आधी पुरुष, मागनं बायका. आपल्या आईनं तेच केलं, मी तेच केलं."

"तुझ्या रीतीनं माझी बायको बघायची राहिली, आक्का. आज मला बघायचंय, कोण काय खातं ते. बस खाली."

"मी न्हाई बसत."

"मग पंगतच न्हाई आणि दुखवटाबी सुटत न्हाई. बसू अशीच वर्षभर."

वीस-पंचवीस माणसं उठून सरळ निघून गेली. पवार कंडक्टर जाताना चपला आपटत गेला. बाकीची मांडवाच्या कडेला उभी राहिली. बायका स्वयंपाकघराच्या दारात अडकल्यागत उभ्या. शेवटी अर्चना पुढं आली. माझी पोरगी, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. ती माझ्या पाटावर बसली.

"वाढा, आप्पा," ती म्हणाली.

मी पुऱ्यांची परात घेतली. तिनं परातीतून स्वतःच एक पुरी उचलली, फाटकी, कडेला करपलेली. चांगल्या सोडून तीच. मी ती तिच्या पानातून काढली आणि दोन फुगलेल्या टाकल्या.

"तुला फाटकी कुणी घ्यायला सांगितली?"

"सवय हाय हो."

एकेक करून बायका बसल्या. सगळ्यांत शेवटी आक्का, भिंतीकडं तोंड करून. मी भात वाढत गेलो, "पुरे, पुरे" म्हणणाऱ्या हातांच्या मधून वाढत गेलो. मागं बघितलं तर संपत खिरीची बादली घेऊन माझ्यामागं येत होता. आक्काच्या पानात त्यानं दोन डाव खीर घातली.

"लई झाली रं," आक्का म्हणाली.

"खावा," संपत म्हणाला.

मी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिलो आणि बायकांना जेवताना बघितलं. जन्मात पहिल्यांदा. सत्तरीची आक्का किती भुकेली होती ते मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांची जेवणं झाल्यावर अर्चनानं माझ्यासाठी एक भाकरी थापली. ती मी वाटीभर वांग्याबरोबर खाल्ली. गोड घास घेतला नाही. माझा दुखवटा रीतीप्रमाणं सुटलेला नाही, असं भावकीत अजून म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी अर्चनाला घेऊन मी नाईकवडी मॅडमकडे गेलो. खिशातले तुकडे त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते जुळवले.

"ह्या कागदानं ती मेली का?" मी विचारलं. "खरं सांगा. मला झेपतंय."

"कागदानं कुणी मरत नाही. त्यांच्या अंगात रक्त फार कमी होतं, एवढं मी डोळ्यांवरून सांगू शकते. त्यांना पाळीचा त्रास होता का?"

"होता," अर्चना म्हणाली. "दीड वर्ष. फार जायचं."

"मला कुणी सांगितलं न्हाई," मी म्हणालो.

"तुम्ही विचारलं होतं, आप्पा?"

मॅडमनी कागदाच्या वरच्या तुकड्यावर बोट ठेवलं. तिथं माझं नाव होतं. "हा मी एकशेचार किलोच्या माणसाला लिहून दिला होता. तुमच्यासाठी तो चांगलाच आहे. पण बारीक बाई, अंगावरून जातंय, पाणी भरते, वर चालते, तिला हा नाही चालत. त्यांचा कागद वेगळा झाला असता. भाकरी जास्त, शेंगदाणे-गूळ, अंडी, पालेभाज्या, रक्ताच्या गोळ्या. त्या तुमच्याबरोबर माझ्या खोलीत बसल्या होत्या, ह्याच खुर्चीवर. मीही त्यांना विचारलं नाही."

"मग मला नवा लिहून द्या."

"नवा कशाला? हाच पाळा. फक्त खरोखर पाळा."

मग त्यांनी पेन उचललं. "त्यांचं वजन साधारण किती होतं?"

मी अर्चनाकडं बघितलं. अर्चनानं माझ्याकडं बघितलं.

घरी येऊन मी चहापावडरचा डबा उघडला. सत्तावन्न तिकिटं होती, दोऱ्यानं बांधलेली, महिन्या-महिन्याची वेगळी. एकेक करून सगळी बघितली. एकशेचार, एकशेतीन, नव्व्याण्णव, एकशेएक.

ह्याला आता नऊ वर्षं झाली. तो कागद मी चिकटपट्टीनं जोडून पुन्हा त्याच भिंतीला लावला. संपत दिवाळीला येतो तेव्हा कागदाकडं पाठ करून जेवायला बसतो. लोक म्हणतात, ज्या कागदानं बायको गेली तोच हा उराशी धरून बसलाय. म्हणू देत. अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत मी गाडी चालवली आणि स्टेअरिंगवरूनच घरी आलो. लग्नात गेलो तर पिशवीत माझी भाकरी असते. कुणाच्या घरी जेवायला बसलो तर घरातल्या बाईचं ताट शेजारी मांडल्याशिवाय मी हात धूत नाही; त्यामुळं मला आता बोलवणारे कमी झालेत. तिसऱ्या दगडाला रोज हात लावतो. रस्ता रुंद केला तेव्हा दगड काढून टाकणार होते. मी मुकादमाशी भांडलो, तेव्हा त्यानं तो गटाराच्या पलीकडं उभा करून दिला.

गेल्या रविवारी माझं वजन ऐंशी भरलं. तिकीट डब्यात टाकलं. डब्यातली सगळी तिकिटं माझी आहेत.

मंदाचं वजन करायचं राहिलं.